नोकरी गेल्याचे मुलांना सांगावे का, आणि कसे?

तुमचा प्रश्न मी सावकाश दोनदा वाचला. उत्तर इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तुम्ही अकरा वर्षे कामाला होतात. चार महिन्यांपूर्वी तिथली एक लाइन बंद झाली आणि तुमच्यासह काहीजणांना कमी केले गेले. घराच्या कर्जाचा हप्ता २३,५०० रुपये आहे आणि तो तुम्ही आजवर शिलकीतून भरत आला आहात. एका वैयक्तिक कर्जाचे दोन हप्ते मात्र थकले असून वसुलीचे फोन घरी येऊ लागले आहेत. तुमच्या पत्नी शिवणकाम करतात आणि त्यातून महिन्याला नऊ-दहा हजार येतात. मुलगी नववीत आहे, मुलगा तिसरीत. मुलांना कळू नये म्हणून तुम्ही आजही रोज सव्वासातला कंपनीचा गणवेश घालून, डबा घेऊन बाहेर पडता आणि संध्याकाळी परतता. मागच्या आठवड्यात मुलाने विचारले, "बाबा, आपण गरीब झालो का?" आणि तुम्ही त्याच्यावर ओरडलात. थोरल्या भावाचे म्हणणे आहे की पोरांना यात ओढू नये, त्यांचे शिकायचे वय आहे. मुलांना सांगावे का, सांगितले तर किती, आणि आजोबांनी मुलीच्या खात्यात वेळोवेळी टाकलेले १४,००० रुपये हप्त्यासाठी काढावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

प्रश्नाच्या अखेरीस आणखी एक ओळ आहे. रात्री झोप लागत नाही आणि "नको नको ते विचार" मनात येतात, असे तुम्ही लिहिले आहे. बाकी सर्व सांगण्याआधी मी या ओळीपाशी थांबते. हे विचार स्वतःच्या जिवाविषयीचे असतील, तर आज रात्रीच ते पत्नीला स्पष्ट शब्दांत सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची "टेली-मानस" सेवा आहे. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. मुलांशी काय बोलायचे हे त्यानंतर पाहू. आणि विचार केवळ काळजीचे असले, तरी चार महिने नीट न झोपलेल्या माणसाने डॉक्टरांना भेटायलाच हवे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही, सरकारी रुग्णालयातला केसपेपर पुरतो.

मी तेवीस वर्षे समुपदेशनाचे काम करते आहे. पहिली नऊ वर्षे शाळेत आणि त्यानंतर कुटुंबांसोबत. कर्ज आणि गुंतवणूक हे माझे क्षेत्र नाही. पण पैशाची ओढाताण सुरू झाली की घरात काय होते, ते मी फार जवळून पाहिलेले आहे, आणि तेवढ्यावरच हे उत्तर उभे आहे.

सांगावे की न सांगावे, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते ती वेळ मागे पडली आहे. तिसरीतला मुलगा जेव्हा "आपण गरीब झालो का" असे विचारतो, तेव्हा त्याच्या मनात कितीतरी गोष्टी जमून आलेल्या असतात. दुधाच्या दोन पिशव्यांची एक झाली. शनिवारचा वडापाव बंद झाला. फोन वाजला की आई आधी नाव पाहते आणि मगच उचलायचा की नाही ते ठरवते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक दहा वर्षांची मुलगी आली होती. तिचे वडीलही तुमच्यासारखेच रोज सकाळी गणवेश घालून बाहेर पडत आणि दिवसभर एका बागेत बसत. घरातल्या सगळ्यांना वाटत होते की तिला काहीच कल्पना नाही. दुसऱ्या भेटीत ती मला अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबांच्या शर्टाला आता ऑइलचा वास येत नाही." ही गोष्ट तिने तीन महिने कोणालाही सांगितली नव्हती, कारण बाबा खोटे बोलत आहेत हे आपल्याला कळले आहे हे बाबांना कळले तर त्यांना वाईट वाटेल, अशी तिची समजूत होती. वडील मुलीला सांभाळत होते आणि मुलगी वडिलांना, आणि त्या दोघांच्या मध्ये तो धुतलेला, वास नसलेला शर्ट रोज दोरीवर वाळत होता.

म्हणून तुमच्या घरातला खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. मुलांना अर्धे कळलेच आहे; उरलेले अर्धे ती स्वतःच्या कल्पनेने भरून काढणार की तुमच्या तोंडून ऐकणार, हे आता ठरायचे आहे. मुलाची कल्पना वास्तवापेक्षा नेहमीच सौम्य असते असा एक समज आहे. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. आई-बाबा वेगळे होणार आहेत, बाबांना मोठा आजार झाला आहे, आपल्याला वसतिगृहात टाकणार आहेत, अशा गोष्टी मुलांनी मनाशी ठरवून टाकलेल्या मी ऐकल्या आहेत, आणि प्रत्यक्षात घडलेले असते एवढेच की दुकान चाललेले नसते.

हे मी केवळ कामातून शिकलेले नाही. माझे वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तेव्हा मी पाचवीत होते. संप आहे हे लालबागच्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते, तेव्हा ते लपवण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याचा आमच्या घराशी नेमका संबंध काय, हे आम्हा भावंडांना कोणी सांगितले नाही. पावसाळ्याच्या सुमारास मोरीवरचा पितळेचा मोठा हंडा दिसेनासा झाला. आईला विचारले तर ती म्हणाली, "कल्हईला दिलाय." पुढे दोन पातेली गेली, तीही कल्हईलाच. मग एक दिवस कल्हईवाला खरोखरच आला आणि चाळीखाली भाता मांडून बसला. नवसागराचा तो धूर दिसताच मी धावत खाली गेले आणि आमचा हंडा मागितला. तो म्हणाला, "पोरी, तुमच्या घरचं काही माझ्याकडे आलेलंच नाही." मी वर आले आणि कोणाशीही काही बोलले नाही. त्या आठवड्यात मी नव्या कंपासपेटीसाठी हट्ट धरला होता. माझ्या मनाने हिशेब केला की कंपासपेटीपायी हंडा विकावा लागला. भांडी सराफाकडे गहाण पडली आहेत आणि माझ्या कंपासपेटीशी त्यांचा काहीही संबंध नाही, हे मला दोन वर्षांनी कळले. तोवर मी घरात काहीही मागणे बंद केले होते, आणि मुलगी किती समजूतदार आहे म्हणून सगळे माझे कौतुक करत होते.

तुमच्या मुलीने गेल्या चार महिन्यांत काही मागितले आहे का, हे आठवून पाहा. न मागणारे मूल नेहमी समजूतदारच असते असे नाही. कधीकधी ते घाबरलेले असते.

तुमच्या भावाचे म्हणणे मी धुडकावत नाही. मुलांच्या डोक्यावर मोठ्यांचे ओझे ठेवू नये, ही त्यांची भावना योग्यच आहे. परंतु माहिती देणे आणि ओझे देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९८० च्या दशकात शेतीवर मोठे संकट आले, तेव्हा रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ४५१ कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास केला. पैशाच्या तंगीचा मुलांवर होणारा परिणाम बराचसा आई-वडिलांच्या वागण्यातून पोहोचतो, असे त्यांना आढळले. तंगीमुळे मोठ्यांचे मन खचते, त्यातून नवरा-बायकोत खटके उडू लागतात, आणि मग मुलांशी वागणे एकतर कडक होते किंवा त्यांच्याकडे लक्षच राहत नाही. मी हा अभ्यास वाचला तेव्हा मला आमची चाळ आठवली. एकाच मजल्यावर एकाच संपाने सगळ्यांचे पगार थांबवले होते, तरी प्रत्येक खोलीतली मुले वेगवेगळी वाढली. तुम्ही मुलावर ओरडलात ते या साखळीतले शेवटचे टोक आहे. रोज दहा तास नाटक वठवणाऱ्या माणसाजवळ संध्याकाळी एका साध्या प्रश्नाला उत्तर देण्याचे त्राण उरत नाही. मुलांना सांगितल्याने त्यांचा फायदा होईलच, पण तुमच्या अंगावरचा हा ताण उतरला तर त्यांचा त्याहून मोठा फायदा होईल, असे मला वाटते.

आता कोणत्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत ते सांगते. नोकरी गेली तेव्हाच पुढच्या महिन्यात रुजू होण्याचे पत्र तुमच्या हातात असते, तर मुलांना नंतर सहज सांगितले तरी चालले असते. घरात गंभीर आजारपण चालू असेल, किंवा मूल आधीपासून फार भित्रे असेल आणि त्यासाठी उपचार घेत असेल, तर आधी त्याच्या डॉक्टरांशी बोलावे लागते. पत्नीची संमती नसेल तर सांगूच नये, कारण आई-बाबांपैकी एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने नाकारायचे, याच्याइतके मुलांना गोंधळात टाकणारे दुसरे काही नाही. तुमच्या लिहिण्यावरून यांपैकी काहीही तुमच्या घरी लागू दिसत नाही.

मात्र उद्या लगेच सांगू नका. मुलांसमोर बसण्याआधी तुमच्याजवळ एक वाक्य असायला हवे: "अमुक महिन्यांपर्यंत आपल्या घराची सोय आहे." मुलांना हेच वाक्य ऐकायचे असते, आणि ते खोटे असून चालत नाही. म्हणून एका रात्री मुले झोपल्यावर पत्नीसोबत वही घेऊन बसा. हातात किती आहे, येणार किती आहे, आणि काय गेल्याशिवाय चालणारच नाही, हे आकडे दोघांच्या डोळ्यांसमोर असू द्या. तुमची अकरा वर्षे नोकरी झाली आहे, पण ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सलग सेवेबद्दल नोकरी संपताना मालकाने द्यायच्या रकमेचा, तुमच्या प्रश्नात कुठेही उल्लेख नाही, म्हणून विचारते: ती मिळाली का? शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला पंधरा भागिले सव्वीसने आणि मग सेवेच्या वर्षांनी गुणायचे, असा तिचा हिशेब असतो. मूळ पगार आणि भत्ता मिळून १८,००० रुपये असतील तर अकरा वर्षांचे सुमारे १ लाख १४ हजार होतात. ही रक्कम तीस दिवसांत देणे मालकावर बंधनकारक आहे. ती मिळाली नसेल तर लेखी अर्ज करून पोच घ्या, आणि तरीही टाळाटाळ झाली तर कामगार आयुक्त कार्यालयात जा. भविष्य निर्वाह निधीतून किती काढता येते तेही पाहा, पण सगळा निधी एकदम काढण्याची घाई करू नका.

गृहकर्जाच्या बँकेत हप्ता चुकण्याआधी जा, ही माझी कळकळीची विनंती आहे. हप्ता थकून नव्वद दिवस उलटले की कर्ज अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी वसुली अडलेले, ठरते, आणि मग शाखेतल्या अधिकाऱ्याच्या हातात फारसे काही राहत नाही. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करण्याविषयी बोलता येते. बँक मान्य करेलच असे नाही, पण अर्ज लेखी द्यावा. मुलीचे सुकन्या समृद्धी खाते असेल आणि त्यात दरमहा काही भरत असाल, तर सध्या वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी खाते चालू राहते. ते पैसे तिच्या शिक्षणासाठी आहेत, आणि ती दहावी झाली की त्यातली निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते, हेही मनात असू द्या. नोकरीबरोबर कंपनीचा समूह आरोग्य विमा संपला असणार. तेव्हा त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का, हे लवकर विचारा. काटकसर करताना पहिली कुऱ्हाड विम्यावर चालवलेली आणि मग एका आजारपणात घर बसलेले, अशी कुटुंबे मी पाहिली आहेत.

या हिशेबातून समजा असे निघाले की वैयक्तिक कर्जाचा तिढा सोडवून, खर्च आवरून, घर सात महिने चालेल. मग मुलांना सहा महिने सांगा.

सांगण्यासाठी शनिवारची दुपार निवडा. रविवारी रात्री सांगितले तर मुले ते डोक्यात घेऊन झोपतात आणि सकाळी शाळेत जातात. शनिवारी सांगितले तर पुढचा दीड दिवस तुम्ही त्यांच्या डोळ्यांसमोर असता, जेवता, हसता, आणि ते पाहूनच त्यांना धीर येतो. दोघांना एकत्र बसवा. मोठीला आधी सांगून "धाकट्याला सांगू नकोस" असे कधीही करू नका. तिच्यावर आणखी एक गुपित लादल्यासारखे होते. टीव्ही बंद, फोन आत, आणि आई-बाबा शेजारी शेजारी. शब्द साधे असू द्यात. तुमच्या जागी मी असते तर असे म्हटले असते: "बाबा ज्या कंपनीत जायचे तिथली एक लाइन बंद झाली आणि बऱ्याच लोकांचे काम गेले. त्यात माझेही गेले. चार महिने झाले. तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून मी रोज बाहेर जात होतो, ते माझे चुकले. आपले घर चालण्याची सोय सहा महिन्यांपर्यंत केलेली आहे. मी रोज नवीन काम शोधतो आहे. तुमची शाळा चालू राहणार आहे. काही खर्च आपण सध्या थांबवणार आहोत, ते कोणते हे आई सांगेल. तुम्हाला काहीही विचारायचे असेल तर आत्ता विचारा, नंतर विचारले तरी चालेल." एवढेच बोलून थांबा. मोठ्या माणसांना या जागी भाषण करण्याचा मोह होतो, परिस्थितीची जाणीव, पैशाची किंमत वगैरे. ते अजिबात नको.

"माझे चुकले" हे वाक्य वडिलांना जड जाते, हे मला माहीत आहे. तरीही ते गाळू नका. मुलांना आज ना उद्या गणवेशाचे कळणारच आहे, आणि ते तुमच्या तोंडून कळले तर तुमच्यावरचा त्यांचा विश्वास टिकतो.

तिसरीतल्या मुलाला एकूण तीन गोष्टी हव्या असतात: आपण इथेच राहणार का, आई-बाबा ठीक आहेत का, आणि हे माझ्यामुळे झाले का. तिसरा प्रश्न तो तोंडाने विचारणार नाही, म्हणून त्याचे उत्तर न विचारताच द्या. "तू सायकल मागितलीस म्हणून हे झालेले नाही, बरं का," असे अगदी नेमके, त्याने जे मागितले असेल त्याचे नाव घेऊन सांगा. त्याच्यावर ओरडलात त्याबद्दलही बोला: "तू त्या दिवशी विचारलेस ते बरोबरच होते, मीच चिडलो." आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर खरे द्या. "गरीब म्हणजे काय, असे तुला वाटते?" हे आधी विचारा. बहुतेक वेळा उत्तर असे येते की ज्यांना घर नसते, जेवायला नसते. मग सांगता येते की आपल्याकडे घर आहे, जेवण आहे, आणि सध्या पैसे कमी येत आहेत. तो पाच मिनिटांत खेळायला पळाला तर त्याला काही कळले नाही असे समजू नका. तो चार दिवसांनी आंघोळ करताना किंवा झोपताना अचानक एखादा प्रश्न विचारेल.

नववीतल्या मुलीची गोष्ट वेगळी आहे आणि मला तिची अधिक काळजी वाटते. या वयात मुलांना आकडे कळतात, लाज कळते, आणि वर्गातल्या मैत्रिणींच्या घरी काय आहे ते तर फारच कळते. तिला हप्ता किती आहे हे सांगायला हरकत नाही. पण "आता तूच माझा आधार" किंवा "आईला त्रास देऊ नको, ती आधीच टेकीला आली आहे" असे काही तिच्या कानावर पडता कामा नये. विशेषतः आईने रात्री तिच्याजवळ मन मोकळे करणे टाळावे. त्यासाठी बहीण, मैत्रीण, शेजारीण कोणीतरी मोठे माणूस हवे. मुलगी छान ऐकून घेते, धीरही देते, आणि मग परीक्षेच्या काळात तिच्या पोटात दुखू लागते. असे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता अशा आयांना मी पहिल्या भेटीतच हे सांगते.

मुलीने "मी क्लास सोडते" किंवा "मी लहान मुलांच्या शिकवण्या घेते" असे म्हटले तर भारावून जाऊन लगेच होकार देऊ नका. तिला एखादे खरे पण मर्यादित काम द्या. एका घरी आम्ही विजेच्या मीटरचे काम मुलीकडे दिले होते. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या वर गेले की पुढच्या युनिटांचा दर चढा लागतो. ती दर रविवारी आकडा वहीत लिहून शंभराच्या किती जवळ आलो ते सांगायची. त्यातून फार पैसे वाचले असे नाही. पण घरात जे चालले आहे त्यात आपलाही हात आहे, हे तिला जाणवले. भावाने पंखा चालू ठेवला म्हणून ती त्याला रागवू लागली, तेव्हा मात्र आम्ही ते काम महिनाभर थांबवले. मुलाला घराचा पोलीस होऊ द्यायचे नाही.

आता त्या १४,००० रुपयांकडे येते. अल्पवयीन मुलीचे खाते तुम्ही पालक म्हणून चालवत असाल, तर पैसे काढायला बँकेत अडचण येणार नाही. अडचण घरात आहे. तिला न सांगता काढू नका. हे मी जितक्या ठामपणे लिहिता येईल तितक्या ठामपणे लिहिते. मुलांच्या गल्ल्यातले पैसे गुपचूप काढले आणि "नंतर भरू" म्हणून ते राहून गेले, अशी गोष्ट सांगताना पस्तिशीच्या माणसांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. रक्कम कधी दोनशे रुपयांची असते. गृहकर्जाच्या एका हप्त्यालाही हे १४,००० पुरणार नाहीत, तेव्हा हप्त्यासाठी ते वापरूच नयेत असे माझे मत आहे. तिच्याच शाळेची फी अडली असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर तिच्याकडे उसने मागा. "नाही" म्हणण्याची तिला खरोखरीची मुभा द्या. ती हो म्हणाली तर वहीत तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या असू द्यात, आणि पहिला पगार आला की पाचशे रुपयांपासून का होईना, परतफेड सुरू करा.

फीविषयी शाळेत स्वतः जाऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि हप्ते पाडून मागा. बहुतेक शाळा आधी येऊन बोलणाऱ्या पालकाला वेळ देतात. फी राहिली म्हणून मुलाला वर्गात उभे करणे किंवा सर्वांसमोर नाव घेणे, असे काही झाले तर शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, हे शांतपणे लेखी कळवा. त्याच कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तुमच्या मुलाला याचा आधार आहे. मुलगी नववीत असल्याने तिच्यासाठी मात्र बोलणी करूनच मार्ग काढावा लागेल. वर्गशिक्षिकेच्या कानावर एवढे घाला की घरी ओढाताण आहे आणि सहलीसाठी किंवा स्नेहसंमेलनाच्या पोशाखासाठी तिला सर्वांसमोर विचारू नये. ही एक विनंती मुलांना फार मोठ्या अपमानातून वाचवते.

राहिला वसुलीच्या फोनचा प्रश्न. तो फोन मुलगी उचलते असे तुम्ही लिहिले आहे. हे आजच थांबले पाहिजे. कर्जखात्यावर घरचा क्रमांक असेल तर तो बदलून तुमचा द्या आणि फोन तुम्ही स्वतः घ्या, टाळू नका, कारण तुम्ही टाळला की तो घरच्यांकडे जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुली प्रतिनिधींना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही आणि कुटुंबीयांना त्रास देता येत नाही. तसे होत असेल तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा, कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. मुलीला इतकेच सांगा: "तो माणूस माझ्याशी बोलेल. तू उचललास तर 'बाबांशी बोला' एवढे म्हणून ठेवून दे. तुला त्याला काहीही उत्तर द्यायचे नाही."

नातेवाइकांत काय सांगायचे, हेही मुलांशी बोलून ठरवा. "कोणाला सांगू नका" असे म्हटले की नोकरी जाणे म्हणजे काहीतरी लज्जास्पद आहे, असे मूल शिकते. त्याऐवजी कोणी विचारले तर काय म्हणायचे ते एक वाक्य द्या: "बाबा नवीन काम शोधत आहेत." ते खरे आहे आणि पुरेसे आहे.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सकाळी गणवेश घालू नका. घरच्या कपड्यांत मुलांचे डबे भरा, मुलाच्या दप्तराला हात लावून पाहा, दोघांना दारापर्यंत किंवा शाळेच्या बसपर्यंत सोडा. मग अकरा ते चार ही वेळ काम शोधण्यासाठी राखून ठेवा आणि मुलांना ती वेळ माहीत असू द्या. गणवेशाचे दोन जोड धुऊन, इस्त्री करून कपाटात वरच्या फळीवर ठेवा. टाकून देऊ नका. धाकटा विचारेल की ते तिथे का ठेवले आहेत. तेव्हा त्याला खाली घेऊन बसा आणि अकरा वर्षे तिथे तुम्ही कोणते भाग तपासत होतात, एखादा भाग सदोष आहे हे हाताला कसे कळते, ते त्याला सांगा.